लेखप्रमाणन, परदेशस्थांचे

स्वदेशाबाहेर राहणाऱ्या व्यक्तीने लिहून दिलेल्या दस्तऐवजावरील सही तिचीच असून ती तिने ओळख पटवून व स्वखुशीने केली आहे, असे अधिकृत व्यक्तीने आपल्या सहीशिक्क्यानिशी नमूद करण्याची क्रिया. हे काम करणाऱ्या अधिकाऱ्यास नोटरी किंवा लेख्यप्रमाणक म्हणतात; व्यवहारात मात्र ‘नोटरी’ हा एकच शब्द व्यक्ती व क्रिया या दोहोंसाठी रूढ झाला आहे. परदेशातून पाठवावयाच्या लेखांत मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, संमतिपत्र, हयातीचा दाखला आणि मूळ प्रमाणपत्रांच्या खऱ्या नकला यांचा प्रामुख्याने समावेश होतो. सही ज्या देशात होते तेथील कायदा एक व लेख ज्या देशात दाखवावयाचा तेथील कायदा दुसरा, हीच या विषयातील मुख्य अडचण होय. एका देशात निर्दोष ठरलेला शिक्का दुसऱ्या देशातील कारकुनाला ओळखीचा नसतो. तो ओळखीचा कसा करून द्यावयाचा, यासाठी निरनिराळ्या काळी निरनिराळे मार्ग काढण्यात आले.

नोटरीच्या साक्षांकनाची व्याप्ती सामान्यतः समजली जाते त्यापेक्षा बरीच मर्यादित आहे. अमुक व्यक्ती अमुक दिवशी आपल्यापुढे हजर होती, तिची ओळख आपणास पटली व तिने आपल्यासमक्ष सही केली, एवढेच नोटरी सांगतो. लेखातील मजकूर खरा आहे, विकणारा जमिनीचा खरा मालक आहे किंवा व्यवहार कायदेशीर आहे, याची हमी तो देत नाही. ‘नोटरी केलेला कागद’ म्हणजे पक्का कागद, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली असून तिच्यापायी अनेकांचे नुकसान झाले आहे.

लेखाला साक्षीने बळकटी आणण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मराठा अमदानीतील महजर हा गोतसभेत, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांच्या समक्ष तयार होत असे. लिहिता न येणारा शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी व कारागीर आपल्या हत्याराची. लिहिणाऱ्याचे नाव ‘बिकलम’ म्हणून नोंदले जाई. तेथे लेखाचा खरेपणा हजर असलेल्या गावाच्या स्मरणावर उभा होता. साक्षीदार सारे ओळखीचे आणि वाद निघाल्यास बोलावता येण्याजोगे असत. परमुलखात राहणाऱ्याच्या लेखाला असे गाव उपलब्ध नसते. त्याच्या जागी अधिकाऱ्यांची साखळी उभी करावी लागते.

यूरोपात हे काम रोमन परंपरेतील लेखनिकांकडून विकसित झाले. इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार पोपकडे होता. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३३ च्या कायद्याने, तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे गेला. भारतातील इंग्रजी अमलाखालील नोटरींच्या नेमणुकाही दीर्घकाळ तेथूनच होत. परक्राम्य लेख अधिनियम १८८१ यातील मूळ कलम १३८ हे सरकारने नोटरी नेमण्याविषयीचे होते. आज धनादेश न वटल्याच्या खटल्यांमुळे सर्वतोमुखी झालेले कलम १३८ हे १९८८ च्या दुरुस्तीने त्याच रिकाम्या क्रमांकावर आलेले आहे. जुनी कलमे नोटरी अधिनियम १९५२ ने रद्द केली. हा अधिनियम १४ फेब्रुवारी १९५६ पासून अंमलात आला. त्याखाली केंद्र व राज्य सरकारे अनुभवी वकिलांची नोटरी म्हणून नेमणूक करतात. नोटरीचे कार्यक्षेत्र ठरवून दिलेले असते, त्यास नोंदवही ठेवावी लागते व प्रत्येक कृत्यासाठी नोटरीचे मुद्रांक लावावे लागतात. याउलट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नोटरी बहुधा वकील नसतो. तेथील घटकराज्ये सामान्य नागरिकांनाही ही सनद देतात व बँकेतील कर्मचारीही नोटरी असू शकतो. फ्रान्स, पोर्तुगाल इ. देशांत मात्र नोटरी हा दस्तऐवजाचा मसुदा करणारा, मूळ प्रत जतन करणारा कायदेपंडित अधिकारी होय. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्यांचे अधिकार इतके भिन्न असल्यामुळे परक्या नोटरीच्या शिक्क्याकडे साशंकतेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे व्यवहारातील रूप रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा) अंतर्भागात, खालापूर व कर्जत या तालुक्यांत, स्पष्ट दिसते. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे फ्रेंच सहकार्याने उभारलेल्या महिंद्र युजिनसारखे पोलाद कारखाने तेथे आले. कारखान्यांतील नोकरीने एक पिढी शिकली व तिच्यातील काही मुलेमुली परदेशी गेली. त्यांच्या नावावरचे जमिनीचे हिस्से मात्र गावीच राहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यानंतर या पट्ट्यातील भातखाचरे, वरकस माळ व गावठाणालगतचे तुकडे यांना घरबांधणीच्या व शेतघरांच्या दृष्टीने वेगळेच मोल आले. ज्या सातबारावर चार भावंडांची नावे आहेत आणि त्यांपैकी एक न्यू जर्सीत व दुसरे दुबईत आहे, त्या जमिनीची वाटणी, विक्री, कर्जासाठी तारण किंवा भूसंपादनाचा मोबदला, यांपैकी काहीही परदेशस्थाच्या सहीवाचून पुरे होत नाही. ही सही खालापूरच्या दुय्यम निबंधकापुढे कशी आणावयाची, हा अशा घरांतला नेहमीचा प्रश्न होय.

त्याचे रूढ उत्तर म्हणजे मुखत्यारपत्र. परदेशस्थ आपल्या वतीने गावी वागण्याचा अधिकार भावाला, चुलत्याला किंवा विश्वासू माणसाला देतो. सर्व बाबींचा सरसकट अधिकार देणाऱ्या लेखास कुलमुखत्यारपत्र म्हणतात व विशिष्ट कामापुरत्या लेखास खास मुखत्यारपत्र. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणारा त्या वेळी भारतात राहत असेल, तर ते त्याच्या राहत्या क्षेत्रातील निबंधक वा दुय्यम निबंधक यांच्यापुढे केलेले व त्यांनी प्रमाणित केलेले असावे लागते. त्याचा आधार घेऊन मगच मुखत्यारास नोंदणीसाठी दस्त हजर करता येतो. तो भारताबाहेर राहत असेल, तर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत वा उपवाणिज्यदूत किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांपैकी कोणापुढेही ते करता येते. अशा रीतीने प्रमाणित झालेले मुखत्यारपत्र खरे आहे, असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद भारतीय पुरावा अधिनियम १८७२ च्या कलम ८५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियम २०२३ मध्ये तीच कलम ८४ म्हणून आली आहे. हे गृहीतक फार उपयोगी आहे, कारण त्यामुळे सही शाबीत करण्यासाठी परदेशातून साक्षीदार आणावे लागत नाहीत. विरुद्ध पक्षाला पुरावा देऊन ते खोडता येते, हेही तितकेच खरे.

या तरतुदीतील ‘नोटरी’ म्हणजे केवळ भारतात नेमलेला नोटरी की परदेशातील नोटरीही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या दाव्यात आला. कॅलिफोर्नियातील नोटरीपुढे केलेल्या मुखत्यारपत्रावर त्यातील जमिनीचा व्यवहार अवलंबून होता. १९७० साली दिलेल्या निर्णयात न्यायालयाने परदेशी नोटरीचे साक्षांकन या कलमांत बसते असे ठरविले. या निर्णयाचा दुसरा भाग मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. सही करणाऱ्याची ओळख आपण पटवून घेतली, असा उल्लेख पहिल्या मुखत्यारपत्रावर नोटरीने केलेला नव्हता. तेवढ्यामुळे ते सदोष ठरले. नंतर केलेल्या दुसऱ्या मुखत्यारपत्रात ही उणीव भरून काढली होती व पहिल्याखालील कृत्यांना मान्यता दिली होती, म्हणून व्यवहार तरला. खोपोलीसाठी परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कागदावर हे एक वाक्य आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे असते. निव्वळ गोल शिक्का व तारीख पुरेशी नव्हे.

परदेशातील भारतीय वकिलातीत जाऊन सही करणे हा दुसरा मार्ग. राजनैतिक व वाणिज्यदूत अधिकारी (शपथा व शुल्क) अधिनियम १९४८ अन्वये या अधिकाऱ्यांना भारतातील नोटरीची सर्व कामे परदेशात करता येतात व त्यांचा सहीशिक्का वेगळा शाबीत करावा लागत नाही. नोंदणी कार्यालयांतही हा शिक्का ओळखीचा असल्याने शक्य तेथे हाच मार्ग पत्करणे सोयीचे ठरते. पण अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशात वकिलात शेकडो मैल दूर असते. तेथे स्थानिक नोटरीपुढे सही करून कागद टपालाने वकिलातीकडे किंवा तिने नेमलेल्या सेवासंस्थेकडे पाठविण्याची पद्धत पडली आहे. अशा वेळी वकिलात बहुधा स्थानिक नोटरीच्या सहीला दुजोरा देते, सही करणाऱ्याच्या सहीला नव्हे. या दोन शिक्क्यांतील फरक कागद वाचल्याखेरीज कळत नाही.

तिसरा मार्ग अपॉस्टिल या नावाने ओळखला जातो. पूर्वी परदेशी नोटरीच्या सहीवर त्या देशाच्या वरिष्ठ कार्यालयाची, तिच्यावर परराष्ट्र खात्याची व शेवटी दुसऱ्या देशाच्या वकिलातीची अशी शिक्क्यांची उतरंड लागत असे. ती मोडण्यासाठी हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानुसार लेख जेथे तयार झाला त्या देशाच्या नियुक्त अधिकाऱ्याने दहा रकान्यांचे एक ठराविक नमुन्याचे प्रमाणपत्र जोडले, की करारातील इतर देशांत पुढील शिक्क्यांची गरज राहत नाही. भारतापुरता हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. येथे हे काम परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाकडे आहे. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला त्या वेळी आक्षेप नोंदविल्याने त्या देशाशी हा करार लागू झाला नाही. सौदी अरेबिया २०२२ मध्ये, चीन २०२३ मध्ये व कॅनडा २०२४ मध्ये या व्यवस्थेत आले; त्यापूर्वी तेथून येणाऱ्या कागदांना जुनी उतरंड चुकत नसे. श्रीवर्धन, म्हसळे, महाड या रायगडच्या दक्षिण तालुक्यांतून आखाती देशांत गेलेल्या कामगारांना तिचा अनुभव विशेष आहे. वकिलातीने स्वतः केलेले लेख कराराच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांना अपॉस्टिल लागत नाही. अपॉस्टिलही केवळ सही, अधिकारपद व शिक्का यांचीच ग्वाही देते. मजकुराविषयी तेही मौन पाळते.

कागद खोपोलीत पोहोचल्यावर मुद्रांक शुल्काची बाब उपस्थित होते. परदेशात सही होताना महाराष्ट्राचा मुद्रांक लावणे बहुधा शक्य नसते, म्हणून महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या (१९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम) कलम १८ प्रमाणे राज्याबाहेर झालेला लेख राज्यात प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर शुल्क भरता येते. मुदत सहीच्या तारखेपासून नव्हे, तर कागद मिळाल्यापासून मोजावयाची असल्याने तो ज्या लखोट्यातून आला तो तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवणे शहाणपणाचे असते. अपुऱ्या शुल्काचा लेख पुराव्यात घेतला जात नाही व पुढे दंड भरावा लागतो. जवळच्या नातलगास विनामोबदला दिलेल्या मुखत्यारपत्रावरील शुल्क नाममात्र असते. मोबदला घेऊन तिऱ्हाइताला विक्रीचा अधिकार दिल्यास मात्र खरेदीखताइतके शुल्क पडते. भारताबाहेर सही झालेला प्रत्यक्ष खरेदीखतासारखा दस्त नोंदवावयाचा असल्यास तो भारतात आल्यापासून चार महिन्यांत हजर करावा लागतो. सुटीत गावी येणाऱ्याने मात्र या सर्व खटाटोपात न पडता स्वतः दुय्यम निबंधकापुढे उभे राहावे, हेच उत्तम.

या सह्यांचे सर्वांत नाजूक क्षेत्र म्हणजे परदेशात नांदणाऱ्या मुलींचे हिस्से. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली (त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या). केंद्रीय दुरुस्ती २००५ मध्ये झाली आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क अबाधित राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा दाव्यात स्पष्ट केले. वारसनोंदीनंतर सातबारावर बहिणीचे नाव चढते व मग तिच्याकडे हक्कसोडपत्राची मागणी जाते. ते नोंदणीकृतच असावे लागते, म्हणून त्यासाठी मुखत्यारपत्र मागविले जाते. पुष्कळदा हा मसुदा गावाहून तयार होऊन जातो, तो मराठीत असतो व परदेशातील नोटरीला त्यातील अक्षरही वाचता येत नाही. कायद्याने त्याला ते वाचण्याची गरजही नसते. ‘सर्व प्रकारचे अधिकार’ या शब्दांखाली हक्क सोडण्याचा अधिकारही दिला जात आहे, हे तिला सांगणारा त्या मेजावर कोणीही नसतो. गट क्रमांक, हिस्सा क्रमांक, क्षेत्र, करावयाचे नेमके कृत्य व मुदत लिहिलेले खास मुखत्यारपत्र या जागी कुलमुखत्यारपत्राहून केव्हाही श्रेयस्कर होय. स्वखुशीने हिस्सा सोडणाऱ्या बहिणीलाही त्याची अडचण होत नाही.

मुखत्यारपत्र देणारा मरण पावला, की ते सामान्यतः संपुष्टात येते (भारतीय करार अधिनियम १८७२, कलम २०१). परदेशातील मृत्यूची वार्ता खालापूरच्या कार्यालयात आपोआप पोहोचत नाही. म्हणून देणारा हयात आहे व मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, असे घोषणापत्र महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी मुखत्याराकडून घेतले जाते. ते खोटे निघाल्यास तो फौजदारी कारवाईस पात्र ठरतो. पण खरेदीदाराचे पैसे तोवर गेलेले असतात. रद्द करणारा लेखही मूळ लेखाइतक्याच रीतसरपणे करून मुखत्यारास व नोंदणी कार्यालयास कळविणे आवश्यक असते.

कितीही शिक्के लागले, तरी मूळ व्यवहारातील दोष त्यांनी दूर होत नाहीत. मुखत्यारपत्र, विक्रीचा करार व मृत्युपत्र यांच्या जुळणीने जमीन ‘विकण्याची’ प्रथा सर्वोच्च न्यायालयाने सूरज लँप दाव्यात (२०११) अमान्य केली. स्थावराची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. अनिवासी भारतीय व परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक यांना शेतजमीन, मळा वा शेतघर सर्वसाधारणपणे विकत घेता येत नाही, वारशाने मात्र ते मिळू शकते. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, असा कुळकायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. कर्जत-खालापूर भागातील शेतघरांच्या आकर्षणात परदेशस्थ ग्राहकाला ‘नोटरी करार’ हाती देऊन रक्कम घेतली गेली, तर त्या कागदाने त्याला ती जमीन मिळत नाही.

उलट दिशेचा प्रवासही आहे. खोपोलीच्या कारखान्यांत कामानिमित्त राहिलेल्या परदेशी तंत्रज्ञाला स्वदेशातील घर विकण्यासाठी किंवा बँकेसाठी कागद पाठवावयाचा झाल्यास त्याच्यापुढे दोन वाटा असतात : मुंबईतील स्वतःच्या देशाची वकिलात किंवा स्थानिक भारतीय नोटरी. दुसऱ्या वाटेने गेल्यास नोटरीनंतर राज्य शासनाच्या नियुक्त कार्यालयाचे साक्षांकन व मग परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाचे अपॉस्टिल, असा क्रम लागतो. कागद मराठीत असेल, तर प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. जुन्या मोडी दस्तांचे तर आधी बाळबोध लिप्यंतर करून घ्यावे लागते. नोटरीची सही राज्याच्या कार्यालयातील नमुन्याशी जुळावी लागत असल्याने सनदेची मुदत संपलेल्या नोटरीकडून केलेले काम येथे अडकते.

गोव्याची व्यवस्था याहून वेगळी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे तेथे नोटरीचे दप्तर हे दस्तऐवज तयार करून जतन करणारे कार्यालय राहिले. २०१२ मध्ये संमत होऊन २०१६ मध्ये अंमलात आलेल्या गोव्याच्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमाने हे काम विशेष नोटरीकडे सोपविले. तेथे वारस निश्चित करणारा लेख विशेष नोटरीपुढे होतो. पती-पत्नींची मालमत्ता बहुधा सामाईक असल्याने लिस्बन किंवा लंडन येथे राहणाऱ्या वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. महाराष्ट्रातील मसुदा गोव्यातील मालमत्तेसाठी जसाच्या तसा वापरल्यास तो परत येतो, तो प्रामुख्याने याच कारणाने.

निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची यातायात २०१४ पासून जीवन प्रमाण या संगणकीय योजनेने कमी झाली. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २०११ मध्ये केलेल्या कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमातून दूरस्थ लेखप्रमाणनास वाट दिली व नंतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. अशा साक्षांकनावर भारतातील नोंदणी कार्यालये सहसा विसंबत नाहीत, कारण कलम ३३ मधील ‘अधिकाऱ्यापुढे केलेला’ या शब्दांचा अर्थ समक्ष हजेरी असाच लावला जातो. त्यामुळे खोपोलीतील जमिनीसाठी परदेशस्थाला अद्यापि कोणत्या तरी मेजासमोर पारपत्र घेऊन प्रत्यक्ष उभे राहावे लागते.